कपाटातल्या बाटल्यांना एकदा विषाणू भेटू द्या

प्रति,
माननीय महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली
आणि
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांचे माननीय कुलगुरू

स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या बॅलन्स रूमला लागून एक लोखंडी कपाट आहे. त्यात बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्या आहेत, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेनने लिहिलेला कोड. आत पायराझोल, क्विनोलिन, बेंझिमिडाझोल, ट्रायझोल, इसॅटिनपासून केलेली थायोसेमीकार्बाझोन अशी पिवळी, केशरी, पांढरी पूड. ही सगळी वलयात नायट्रोजन असलेली संयुगे, आमच्या बोलीत नायट्रोजनवाली हेटेरोसायकल. माझ्या पीएचडीची ४१ त्यात आहेत. पुढे माझ्याकडे ज्यांनी पीएचडी केली त्यांचीही आहेत.

यातल्या एकाही बाटलीची कुठल्याही विषाणूवर चाचणी झालेली नाही. आणि तरीही जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य ठरलेले असते: या वर्गातील संयुगांमध्ये जीवाणूरोधक, बुरशीरोधक, कर्करोगरोधक व विषाणूरोधक गुणधर्म आढळतात. मीही ते लिहिले आहे. माझ्या गाइडच्या प्रबंधातही ते होते.

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता माझी एक विद्यार्थिनी डेंग्यूने आजारी पडली. प्लेटलेट उतरत होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा सलाईन चालू होते, औषध म्हणून पॅरासिटामॉल, आणि बाकी सगळा भर दर काही तासांनी रक्त तपासण्यावर. तिने मला विचारले, "सर, आपल्या सिनॉप्सिसमध्ये अँटीव्हायरल लिहिलंय ना? मग आपली संयुगं डेंग्यूवर कुणी तपासली का?" ती बरी झाली, पुढे पीएचडीही झाली. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही तेच उत्तर आहे. नाही, तपासली नाहीत. तपासायची कुठे, हेच मला माहीत नाही.

हे पत्र त्याच प्रश्नासाठी आहे.

नायट्रोजनच्या वलयांचा आणि विषाणूंचा संबंध काही प्रस्तावनेत लिहायची सोय म्हणून आलेला नाही. विषाणूची सारी वंशावळ या वलयांतच लिहिलेली असते. ॲडेनिन आणि ग्वानिन ही प्युरीन, सायटोसिन, थायमिन आणि युरॅसिल ही पिरिमिडिन. पाचही नायट्रोजनची हेटेरोसायकल. विषाणू पेशीत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढू लागतो, तेव्हा त्याला हीच अक्षरे हजारोंनी लागतात. त्यांच्यासारखे दिसणारे पण एखाद्या ठिकाणी मोडलेले अक्षर हाती दिले की प्रत तिथेच अडते. बाकीची कामेही नायट्रोजन करतो. त्याच्याकडची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी हायड्रोजन बंध पकडते, म्हणून ही वलये एन्झाइमच्या खोबणीत नेमकी बसतात, शिवाय रेणू पाण्यात विरघळायला मदत होते. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधांच्या २०१४ सालच्या एका मोजणीत, लहान रेणूंच्या औषधांपैकी ५९ टक्क्यांमध्ये नायट्रोजनचे वलय सापडले होते.

ॲसायक्लोव्हिर घ्या. नागिणीवर आपल्या गावचा डॉक्टरही लिहून देतो ती गोळी. ग्वानिनला जोडलेली साखर अर्धवट कापून टाकलेला हा रेणू निरोगी पेशीत जवळजवळ निपचित पडून राहतो. हर्पिस विषाणूकडे मात्र थायमिडीन कायनेज हे स्वतःचे एन्झाइम असते, आणि ते या रेणूला पहिला फॉस्फेट जोडते. म्हणजे विषाणू स्वतःच्याच हाताने औषध जागे करतो आणि मग तेच त्याची डीएनए साखळी तोडते. बावीस वर्षे शिकवूनही हा भाग फळ्यावर काढताना मला दरवेळी आनंद होतो. ज्या प्रयोगशाळेत हे घडले तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती.

पण माझा मुद्दा ॲसायक्लोव्हिरपेक्षा एझेडटी या एड्सवरच्या औषधाच्या गोष्टीत जास्त आहे, कारण ती गोष्ट कपाटातल्या बाटलीचीच आहे. १९६४ साली डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉरविट्झ यांनी थायमिनच्या न्यूक्लिओसाइडवर, म्हणजे साखर जोडलेल्या थायमिनवर, ॲझाइड हा तीन नायट्रोजनांचा गट बसवला. कर्करोगासाठी केले होते. उंदरांमधल्या ल्युकेमियावर त्याचा उपयोग झाला नाही, म्हणून काम बाजूला ठेवले गेले. त्यांनी पेटंटही घेतले नाही. एड्सचा विषाणू सापडल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने औषध कंपन्यांना सांगितले, तुमच्याकडची संयुगे पाठवा, आम्ही विषाणूवर तपासतो. आलेल्या संयुगांत हे होते. १९८५ मध्ये पेशींवरची चाचणी यशस्वी झाली आणि मार्च १९८७ मध्ये एड्सवरचे पहिले औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. रेणू वीस वर्षे तोच होता. बदलले एवढेच की कुणीतरी चाचणीची खिडकी उघडली आणि 'आणा' म्हणाले.

त्या खिडकीपलीकडे बसायची ताकद आपल्या देशात नाही, असे कुणी म्हणू नये. एझेडटी इथे स्वस्तात बनवण्याची पद्धत ए. व्ही. रामाराव यांनी बसवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करून ते हैदराबादला गेलेले होते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा श्रीमंत देशांत त्याला दहा हजार डॉलरच्या वर लागत. त्या तीनही औषधांत, स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिनमध्ये, नायट्रोजनची वलये आहेत. दुसऱ्याने शोधलेला रेणू उत्तम आणि स्वस्त बनवणे आपल्याला येते. विषाणूवरचा रेणू पहिल्यांदा शोधणे अजून जमलेले नाही, आणि ते का जमले नाही याचे एक कारण मला माझ्या कपाटात दिसते.

इसॅटिनच्या बाटल्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ते प्रकरण भारतातच घडले. इसॅटिन म्हणजे इंडोल या नायट्रोजनवाल्या वलयाच्या घरातला केशरी पदार्थ. आपल्याकडे एमएस्सीच्या प्रकल्पात तो सर्रास वापरला जातो. स्वस्त आहे, अभिक्रिया सरळ होतात, रिक्रिस्टलायझेशनही सोपे. याच इसॅटिनपासून केलेल्या मेथिसॅझोन या थायोसेमीकार्बाझोनची देवीवर चाचणी झाली ती मद्रासमध्ये. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात, देवीच्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या आणि औषध दिलेल्या ११०१ जणांपैकी तिघांना सौम्य देवी झाली, तर औषध न दिलेल्या ११२६ पैकी ७८ जणांना झाली आणि १२ जण दगावले. नंतरच्या चाचण्यांनी इतके उत्साहवर्धक काही दाखवले नाही, आणि त्या पहिल्या चाचणीच्या रचनेवरही आक्षेप आले. पुढे लसीने देवी संपली, म्हणून हे औषध मागे पडले. पण पाहा, साठ वर्षांपूर्वी याच देशात या कुळातला रेणू थेट माणसांपर्यंत, साथीच्या मैदानापर्यंत पोहोचला होता. आज त्याची चुलत भावंडे आम्ही दरवर्षी बनवतो आणि त्यांची तपासणी फार तर शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस या जीवाणूंच्या दोन प्लेटांवर होते. झोन ऑफ इनहिबिशन, म्हणजे जीवाणू न वाढलेले वर्तुळ, इतके मिलिमीटर, प्रकरण पाचवे समाप्त.

विषाणूची पाळी आली की आम्ही संगणकाकडे वळतो. २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमची, रचना जाहीर झाली. तिचा क्रमांक सिक्स-एल-यू-सेव्हन, आणि तो आमच्या क्षेत्रात पाढ्यासारखा पाठ झाला. ज्याच्याकडे लॅपटॉप होता त्याने आपले रेणू त्या खोबणीत बसवून पाहिले आणि निबंध छापले. संगणकावर रेणू असा बसवून पाहण्याच्या, म्हणजे डॉकिंगच्या, मी विरोधात नाही. कोणता रेणू आधी बनवावा हे ठरवायला ते उपयोगी पडते. पण रेणू किती घट्ट बसेल याचा संगणकाने दिलेला 'उणे नऊ किलोकॅलरी' हा आकडा म्हणजे औषध नव्हे. त्याला पेशीचा पडदा ओलांडावा लागत नाही, तो यकृतात मोडत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत नाही. नुसत्या डॉकिंगवर 'विषाणूरोधक' हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात बसू देणे थांबवले पाहिजे. कुलगुरू महोदय, हे तुमच्या हातात आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

चाचणी कशी करायची यालाही तितकेच महत्त्व आहे, हे त्याच वर्षी आपण शिकलो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे क्विनोलिनचे, म्हणजे आमच्याच घराण्याचे. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींमध्ये त्याच्या जवळच्या भावंडाने, क्लोरोक्विनने, विषाणू रोखला होता. आयसीएमआरने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितले. त्या दिवसांत सारे जग अंधारात चाचपडत होते, त्यामुळे मी दोष देत नाही. पण जुलैपर्यंत दिसून आले की माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींमध्ये क्लोरोक्विन विषाणूला रोखत नाही, कारण तिथे तो दुसऱ्याच दाराने आत शिरतो. त्याआधी जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतही रुग्णालयातल्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा फायदा दिसला नव्हता. म्हणून मी चाचणी मागतो तेव्हा घाईची, एका पेशीवाणावरची चाचणी मागत नाही. विषाणूची वाढ निम्म्यावर यायला किती मात्रा लागते आणि पेशी निम्म्या मरायला किती लागते, हे दोन आकडे शेजारी शेजारी हवेत. पहिला कितीही सुंदर असला तरी दुसरा त्याच्या जवळ असेल तर ते औषध नाही, विष आहे. आमच्या गावात हे दोन आकडे काढायची सोय नाही, तुमच्याकडे आहे.

आयसीएमआरचीच पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून काम करते आहे. तिथे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. चंडिपुरा विषाणू १९६५ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी नागपूरजवळच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला आणि त्याला त्या गावाचे नाव दिले. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रातली लेकरे नेली, २०२४ मध्ये गुजरातमध्ये तो पुन्हा आला. मेंदूला सूज येऊन मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. औषध नाही. दोडामार्ग आणि सत्तरीच्या काजूबागांत राबणाऱ्यांना गोचिडीतून होणारा माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगल रोग, त्यालाही नेमके औषध नाही. डेंग्यूचे मी वर लिहिलेच. या रोगांसाठी न्यूयॉर्क किंवा बाझेलमधली कंपनी रेणू शोधत बसेल ही आशा धरण्यात अर्थ नाही.

डेंग्यूच्या बाबतीत तर हे नुकतेच घडून गेले. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाने हजारो संयुगे डेंग्यूने बाधित पेशींवर टाकून पाहिली. त्यातून हाती लागलेल्या एका धाग्यावर सुमारे दोन हजार नवी संयुगे बनवली गेली, आणि इंडोलच्याच कुळातला एक रेणू निघाला. डेंग्यूच्या चारही प्रकारांना तो फार कमी मात्रेत अडवतो, विषाणूच्या दोन प्रथिनांची जोडी जुळू न देऊन. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. डॉकिंगने हा रेणू सापडला नसता, कारण कुठे डॉक करायचे तेच आधी कुणाला माहीत नव्हते. त्याच मालिकेतला मोस्नोडेन्व्हिर हा रेणू मोठ्या कंपनीने माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने प्राधान्यक्रम बदलल्याचे कारण देऊन ती चाचणी थांबवली. ज्या दिवशी ती बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात इंडोलच शिकवत होतो. रोग आपला, वलये आपल्या रोजच्या हातातली, आणि निर्णय मात्र दुसऱ्याच्या ताळेबंदावर.

माझे मागणे मोठे नाही. राज्यातल्या ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात नवी संयुगे असतील त्याने प्रबंध सादर करताना प्रत्येकी पाच मिलिग्रॅम एका सार्वजनिक रेणुसाठ्यात जमा करावीत, सोबत एनएमआर आणि मास या रचना सिद्ध करणाऱ्या तपासण्या आणि शुद्धतेचा पुरावा. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी जमा करतो तसेच. सीएसआयआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांकडे स्वतःचे साठे आहेत, पण माझ्यासारख्या महाविद्यालयातल्या माणसाने बाटली घेऊन जावे असे दार मला सापडले नाही. एका मोठ्या संस्थेला मी तीन पत्रे लिहिली. एकाला उत्तर आले, 'आपला प्रस्ताव आमच्या कार्यकक्षेत येत नाही.' फ्रान्सने आपल्या विद्यापीठांतली विखुरलेली संयुगे गोळा करून राष्ट्रीय रेणुसाठा उभारला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातला एक गट जगभरातल्या रसायनशास्त्रज्ञांची संयुगे फुकट तपासतो, पण फक्त जीवाणू आणि बुरशीवर. विषाणूंसाठी तशी खिडकी आपण पुण्यात उघडू शकतो. सुरुवातीला डेंग्यू आणि हर्पिस एवढेच घ्या. त्यांना सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागत नाही. चंडिपुरा, माकडताप पुढे.

मला माहीत आहे की तुमचे तज्ज्ञ काय म्हणतील. म्हणतील, विद्यापीठांतून येणारा माल अशुद्ध असतो. खरे आहे. औषधरसायनाच्या चांगल्या नियतकालिकांना ९५ टक्के शुद्धता लागते आणि आम्ही अनेकदा टीएलसी या साध्या पट्टीवरच्या तपासणीत एक ठिपका दिसला की थांबतो. पण याला कारण आमचा आळस नाही. शुद्धता मोजणारे एचपीएलसी यंत्र जिल्ह्यात एखाद्या ठिकाणी असते आणि एका नमुन्याचे पैसे विद्यार्थी स्वतःच्या फेलोशिपमधून भरतो, फेलोशिप असेल तर. म्हणतील, ऱ्होडानिनसारखी वलये कशालाही चिकटतात आणि प्रत्येक चाचणीत खोटे यश दाखवतात. तेही खरे, अशा रेणूंच्या याद्या २०१० पासून छापील आहेत. मग ती यादी आम्हाला आधी शिकवा, एमएस्सीच्या अभ्यासक्रमात घाला. कुणीतरी तपासणार आहे असे कळले तर विद्यार्थी वेगळे रेणू बनवतील. आज तो जे सहज बनते ते बनवतो, कारण तपासणार कुणीच नाही.

म्हणतील, हजारात एकही लागणार नाही. नसेल लागत. पण जे नऊशे नव्याण्णव लागले नाहीत तेही जाहीर करा, म्हणजे पुढचा विद्यार्थी तेच पुन्हा करणार नाही. कोविड मूनशॉट या उपक्रमात २०२० पासून जगभरातल्या लोकांनी अठरा हजारांवर रेणूंची रेखाटने पाठवली, त्यातली सुमारे चोवीसशे बनवली गेली, आणि न लागलेल्यांसकट सगळी माहिती सर्वांसाठी खुली ठेवली गेली. हाती लागलेले मुख्य रेणू आयसोक्विनोलिनचे होते. आपल्या कुठल्याही विभागात ते बनवता आले असते.

पेटंटचे काय, हा प्रश्न कुलसचिव कार्यालयात हमखास अडकतो, म्हणून तोही लिहितो. एक पानाचा साधा करार करा: रेणू विद्यार्थ्याचा आणि विद्यापीठाचा, चाचणीचा निकाल ठरावीक मुदतीनंतर सर्वांचा, आणि पुढे औषध झालेच तर ते इथल्या सरकारी दवाखान्यात परवडेल अशा किमतीला. हे शेवटचे कलम मी सोडणार नाही. हेपटायटिस सीवरचे सोफोसबुव्हिर, युरिडीनपासून घडवलेले, अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडत. आपल्या कारखान्यांनी ते बनवले म्हणून ते इथल्या रुग्णाच्या आवाक्यात आले.

हे पत्र लिहायचे ठरवल्यावर मी माझ्या ४१ बाटल्या बाहेर काढल्या. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मित्राच्या ओळखीने पुन्हा एनएमआर करून घेतले. सात संयुगे मोडलेली निघाली. बहुतेक शिफ बेस, वर्षानुवर्षे दमट हवेत पाणी शोषून सुरुवातीच्या ॲल्डिहाइडवर परत आलेले. त्यांतली दोन बनवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. उरलेली ३४ वाळवून, वजन करून, नव्या बाटल्यांत भरली आहेत. प्रत्येकीवर रचना, रेणुभार आणि तारीख आहे, आणि ती आता विभागाच्या फ्रीझरमध्ये आहेत. लोडशेडिंग असले की मी इन्व्हर्टरची तार तिकडे फिरवतो.

कुठल्या पत्त्यावर पाठवू, तेवढे कळवावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक